पवळा, चॉकलेट आणि तुझी एला

अकोले

चि. मनू,


तुझी यादी मिळाली. लुई आर्मस्ट्राँग, एला फिट्झजेराल्ड, बिली हॉलिडे, लीना हॉर्न, नॅट किंग कोल आणि सगळ्यात शेवटी एल्व्हिस. कॉलेजच्या कार्यक्रमात तू एलाचं गाणं म्हणणार आणि त्याआधी पाच मिनिटं या मंडळींवर बोलणार, हेही कळलं. खाली बारीक अक्षरात लिहिलंयस, "आजी, तुला हे सगळं परकं वाटेल." त्या ओळीपाशी मी जरा थांबले. परकं कसं वाटेल गं? आमच्या काळातल्या वराती याच सुरांवर निघायच्या. बँडवाले क्लॅरोनेट नि ट्रंपेट फुंकत पुढे, मागे घोड्यावर नवरदेव, आणि पोरंसोरं नाचून घामाघूम. हा ठेका अमेरिकेतून आलाय, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या लेखी तो पुणतांब्याचा होता, आणि तसं ते खोटंही नव्हतं.

पुणतांबं आपल्याच जिल्ह्यातलं, गोदावरीकाठचं. चांगदेवांची समाधी तिथली. तिथे १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर जन्मला. तुझी एला जन्मली १९१७च्या एप्रिलात, म्हणजे दोघं एकाच वयाची. हा रामचंद्र पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गाणं शिकला. 'नागानंद' नावाच्या बोलपटात तो चक्क नायक झाला. पण नायक म्हणून काही नशीब उघडलं नाही, तेव्हा सोहराब मोदींच्या मिनर्व्हा कंपनीत पेटी वाजवू लागला. संगीतकार म्हणून पहिली कामं मिळाली ती तमिळ चित्रपटांची. नगर जिल्ह्याच्या माणसाला तमिळमध्ये चाली बांधाव्या लागल्या, पण पोटापुढे भाषा कुठली पाहायची! मग १९४२मध्ये भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, यांच्या 'सुखी जीवन'पासून हिंदीत बस्तान बसलं आणि तो सी. रामचंद्र झाला. गायचा मात्र 'चितळकर' या नावाने. मुंबईच्या सिनेमावाल्यांत त्याला सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही आता अण्णाच म्हणते.

तर पटवर्धनबुवांच्या या शिष्याच्या कानात अमेरिका शिरली कशी? तो रस्ता मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातून येतो. १९३५ साली तिथे लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपला अख्खा बँड घेऊन आला. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ आला (हो, नाव असंच होतं), टेडी वेदरफोर्ड हा पियानोवाला आला. वेदरफोर्ड तर परत गेलाच नाही. पुढे कलकत्त्याला वाजवत राहिला आणि १९४५मध्ये तिथेच पटकीने मेला. ही माणसं सातासमुद्रापार का आली असतील? पैसा हे एक कारण. दुसरं असं की त्यांच्या देशात काळ्या माणसाने वाजवायचं ते मागच्या दाराने येऊन आणि मागच्याच दाराने जाऊन. इथे निदान तो रंगाचा कायदा त्यांच्या पाठीमागे बोटीतून आला नव्हता. अर्थात ताजमध्ये ऐकायला बसलेले कोण? साहेब लोक, संस्थानिक, शेटजी. परळ-लालबागचा गिरणीवाला त्या दाराशीही पोचत नसे.

पण त्या बँडात आणि त्याच्या आजूबाजूला गोव्याची पोरं होती. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत, त्यामुळे कागद समोर ठेवला की ती लगेच वाजवू शकत. त्यातला एक हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ. हातात ट्रंपेट, गाण्याची ढब थेट आर्मस्ट्राँगची, आणि लोकांनी पाडलेलं नाव चिक चॉकलेट. भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत त्याला. पुढे साहेब गेला, संस्थानं गेली, १९४९च्या कायद्याने मुंबईत दारूबंदी आली आणि हॉटेलांतल्या नाचगाण्याच्या रात्री ओस पडू लागल्या. वाजवणारे कुठे जाणार? सिनेमाच्या स्टुडिओत. अण्णांना असे वादक हवेच होते. चिक चॉकलेट त्यांचा साहाय्यक झाला.

यातून १९५१चा 'अलबेला' झाला. मिळाला तर पाहा, आणि गोष्टीकडे फार लक्ष देऊ नकोस. ती बेताचीच आहे. भगवानदादा हा गिरणी कामगाराचा मुलगा, स्टंटपटांत वाढलेला, अंगाने जाडसर, चेहऱ्याने सामान्य. तो नाचतो ते हॉलिवूडच्या फ्रेड अ‍ॅस्टेअरसारखं मुळीच नाही. अ‍ॅस्टेअर जमिनीला पाय लागू देत नाही. भगवानदादा जमीन सोडायला तयार नाहीत, गुडघ्यात किंचित वाकून खांदे तेवढे हलवतात. म्हणून तर तो नाच गणपतीपुढे कोणालाही करता आला आणि आजवर करता येतो. त्यातल्या एका गाण्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून एक बँड पडद्यावर वाजवताना दिसतो. तो चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार. नीट पाहून घे त्याला. या लोकांचे चेहरे पडद्यावर फार क्वचित आले. एरवी ते काचेच्या आड वाजवत, त्या दिवसाचे पैसे घेत आणि घरी जात. गाणं लिहिणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत, चाल लावणाऱ्याचं नाव ठळक अक्षरांत, आणि चाळीस वाद्यांचा कागद रात्र जागून लिहिणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा कुठेच नाही. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी माणसं. गोन्साल्विसचं नाव तुला ठाऊक आहे, फक्त ते खऱ्या माणसाचं आहे हे ठाऊक नसेल. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो, ते संगीतकार प्यारेलालच्या व्हायोलिनच्या गुरुजींचं.

आता तू म्हणशील, अण्णांनी चाली उचलल्या. उचलल्याच की. १९५०च्या 'समाधी'तल्या त्या गाजलेल्या नाचगाण्याची वंशावळ सांगते, हसू नकोस. १९४५च्या 'डॉल फेस' या अमेरिकी चित्रपटात कारमेन मिरांडाने पोर्तो रिकोच्या एका माणसावरचं गाणं म्हटलं. ही बाई जन्मली पोर्तुगालात, वाढली ब्राझीलमध्ये आणि गाजली हॉलिवूडमध्ये. पोर्तो रिकोशी तिचा संबंध तुझ्या-माझ्याइतकाच. तिची चाल पुणतांब्याच्या चितळकरांनी घेतली, लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकींच्या गळ्यात घातली, नलिनी जयवंत त्यावर नाचली, आणि चित्रपट कशावर, तर आझाद हिंद सेनेवर! यात मूळ कुठलं आणि उसनं कुठलं, हे सांगायला बसलेला माणूस वेडा होईल.

उचलणं आणि पचवणं वेगळं, एवढं मात्र मी म्हणेन. 'समाधी'तलं गाणं उचललेलं आहे, छान आहे, पण उचललेलंच. 'आशा' (१९५७) मधलं 'ईना मीना डीका' मात्र पचवलेलं. अर्थ नसलेले शब्द तालात फेकत गायचं, ही तुझ्या आर्मस्ट्राँगची नि एलाची खासियत. अण्णांच्या खोलीबाहेर पोरं इंग्रजी बडबडगीत म्हणत खेळत होती, त्यावरून शब्द सुचले, आणि जॉन गोम्स या त्यांच्या गोव्याच्या साहाय्यकाने त्यात दोन कोकणी शब्द घुसवून दिले, असं सांगतात. न्यू ऑर्लिन्सची रीत, मुंबईतल्या पोरांचा खेळ, गोव्याची बोली, आणि गळा कोणाचा, तर एकदा किशोरकुमारचा आणि एकदा आशाचा. हाच माणूस 'अनारकली'त असा काही राग-सुरांत उतरतो, की तिथे अमेरिका औषधालाही सापडत नाही. १९६३च्या जानेवारीत दिल्लीत लताबाईंनी प्रदीपांचं जे गाणं गाऊन नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आणलं, त्याची चालही अण्णांचीच. स्वतःचं घर भक्कम असलं की पाहुण्याची भीती वाटत नाही.

तुझ्या यादीत मला खरं बोचलं ते वेगळंच. ज्या नावांपुढे तू 'महान' असं लिहिलंयस, त्या माणसांच्या बाबतीत काय काय घडलं ते तू लिहिलं नाहीस. बिली हॉलिडे १९३८ साली आर्टी शॉ या गोऱ्या वाद्यवृंदप्रमुखाच्या बँडात गात होती. न्यूयॉर्कच्या ज्या हॉटेलात तिचं गाणं, तिथे तिला पाहुण्यांची लिफ्ट बंद. सामानाच्या लिफ्टने वर जायचं. हॅटी मॅकडॅनियल तुझ्या यादीत नाही, पण ती ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय. १९४०च्या त्या समारंभात तिला बाकीच्या नटमंडळींपासून लांब, भिंतीकडेच्या वेगळ्या टेबलाशी बसवलं होतं. लीना हॉर्नची गाणी चित्रपटात अशी बेतून टाकत, की दक्षिणेकडच्या थिएटरात ती कापली तरी गोष्टीत खंड पडू नये. नॅट किंग कोलचा जन्म अलाबामा राज्यातला; त्याच राज्यात बर्मिंगहॅम शहरात १९५६ साली तो रंगमंचावर गात असताना काही गोरे त्याच्यावर चालून गेले. आणि तुझा एल्व्हिस. त्याने ज्या 'हाउंड डॉग'वर १९५६मध्ये अमेरिका हलवली, ते गाणं बिग मामा थॉर्नटन या काळ्या बाईने त्याच्या चार वर्षं आधी ध्वनिमुद्रित केलं होतं. त्याच्यावर माझा राग नाही, तो गायचा छान. पण तुझ्या यादीत तो आहे आणि ती नाही.

हे वाचून "तिकडचे लोक किती वाईट" असं म्हणून मोकळी होऊ नकोस. आपल्या शेजारच्या संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा आहे. एसटीने तू त्या बाजूने कितीदा गेली असशील. १८७० साली तिथे पवळा भालेराव जन्मली. महार घरातली, खंडोबाला मुरळी म्हणून सोडलेली. रूप आणि गळा दोन्ही असं, की पुढे सगळा महाराष्ट्र तिला पवळा हिवरगावकरीण म्हणून ओळखू लागला. बाई तमाशाच्या बोर्डावर उभी राहून नाचते-गाते, हे तिच्यापासून खऱ्या अर्थाने रुळलं. त्याआधी बाईचं काम नाच्या पोऱ्या करत असे. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, ब्राह्मणाचा मुलगा. तो तिच्या नादाने घरदार, जात, सगळं सोडून आला आणि तिच्यासाठी लावण्या रचू लागला. मुंबईत त्यांना पाहायला तुंबळ गर्दी व्हायची. बापूरावांना वाळीत टाकलं, याच्या कथा रंगवून सांगितल्या जातात. पवळेला वाळीत टाकायचा प्रश्नच नव्हता. ती जन्मापासूनच बाहेर होती. तिच्या वाट्याला कथाही बापूरावांच्या कथेतली जागा म्हणूनच आली. १९३९मध्ये ती गेली.

यात दुसरी बाजूही आहे, ती झाकून ठेवू नकोस. महाडच्या लढ्यासाठी पठ्ठे बापूराव पैसे देऊ करायला गेले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ते घेतले नाहीत, असं सांगितलं जातं. महार बायांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. मग पवळेची कला मोठी की ती कला जिच्यातून आली ती गुलामी मोठी? यावर मी अनेक वर्षं मनात दोन्हीकडून भांडले आहे. तुला खोलात जायचं असेल तर शैलजा पाईक यांचं २०२२चं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' वाच. पवळा, बापूराव, तमाशातल्या आजच्या बाया, सगळं त्यात आहे. या बाई मूळच्या आपल्याच जिल्ह्यातल्या पोहेगावच्या, येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या, आता अमेरिकेत सिनसिनाटीच्या विद्यापीठात प्राध्यापक. २०२४ साली त्यांना अमेरिकेतली मोठ्या मानाची मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे अमेरिकेचं गाणं पुणतांब्याला आलं आणि संगमनेरच्या बाईची कहाणी पोहेगावची लेक अमेरिकेला घेऊन गेली. तुझ्या पाच मिनिटांत हे बसवता आलं तर बघ.

आमच्या घरात मुलींनी तमाशा पाहायचा नाही, असा दंडकच होता. जत्रेच्या रात्री प्रवरेच्या पल्याडून ढोलकी ऐकू यायची, हलगी कडकडायची, आणि आम्ही अंथरुणात जाग्या. बाप्ये बघून यायचे आणि सकाळी ओट्यावर बसून "काय ती बाई नाचली!" म्हणायचे. त्याच बाईने पाणी मागितलं तर ते वरून ओतायचे. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. गंमत म्हणजे तमाशाच्या रंगबाजीत लावणीच्या जोडीला सिनेमाची गाणीही असत, म्हणजे अण्णांचा ठेका फिरून ढोलकीवर आलेला. आम्ही तीच गाणी रेडिओ सिलोनवर ऐकली तर चालायचं. सूर घरात आला तर हरकत नव्हती.

विठाबाईंचं नाव तू ऐकलं असशील. ब्राह्मणवाड्याहून घाट उतरून ओतूरच्या पुढे गेलं की नारायणगाव. तिथल्या भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडातल्या भाऊंची ती मुलगी. नऊ महिने भरलेले असताना ती बोर्डावर नाचत होती, कळा सुरू झाल्या, कनातीमागे जाऊन बाळंत झाली, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला निघाली. हा प्रसंग सांगताना लोक "काय ती कलेवरची निष्ठा!" म्हणून माना डोलावतात, आणि माझ्या मस्तकात तिडीक जाते. निष्ठा तिची होतीच. पण खेळ थांबवा, बाई बाळंत होतेय, असं आधीच म्हणणारा एकही माणूस त्या गर्दीत नव्हता का? खेळ बुडाला तर सुपारीचे पैसे बुडणार, फडातली पन्नास पोटं उपाशी राहणार, हे गणित तिच्या डोक्यात होतं. त्याला कलेवरची निष्ठा एवढंच नाव देणं ही पाहणाऱ्यांची सोय आहे. तिला १९५७ आणि १९९०मध्ये राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. जानेवारी २००२मध्ये ती हलाखीतच गेली. नंतर सरकारने तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आणि त्याच्या पहिल्या मानकरी ठरल्या आपल्या संगमनेरच्या कांताबाई सातारकर. या बाई बोर्डावर शिवाजी महाराज उभे करायच्या, तलवारीसकट. तुझ्या हॉलिवूडमध्ये पुरुषाच्या वेषात कोणी उभी राहिली तर तिच्यावर पुस्तकं लिहिली जातात. कांताबाई २०२१च्या मे महिन्यात करोनाने गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांत दोन दिवस आलं आणि झालं.

भगवानदादांचंही ऐकून ठेव. 'अलबेला'नंतर म्हणे आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी, जुहूला मोठा बंगला. पुढच्या चित्रपटांनी सगळं धुऊन नेलं. २००२ सालीच, विठाबाईंच्या पाठोपाठ तीन आठवड्यांत, दादरच्या चाळीतच गेले. चिक चॉकलेट त्याच्या कितीतरी आधी, १९६७मध्ये, पन्नाशीच्या आसपास गेला होता.

आता तुझ्या कार्यक्रमाचं. एलाचं गाणं म्हण, खुशाल म्हण. उच्चार नीट कर आणि ताल धरायला घाई करू नकोस, तुझी ती खोड आहे. पाच मिनिटांत सहा माणसांची जन्मतारीख-मृत्यूतारीख सांगत बसलीस तर मागच्या रांगा मोबाइल काढतील. त्यापेक्षा बिलीची सामानाची लिफ्ट सांग आणि लगेच हिवरगावची पवळा सांग. मधे चिक चॉकलेटचं ट्रंपेट वीस सेकंद वाजवून दाखव, 'अलबेला'तलंच. लोक ओळखतील आणि हसतील, मग ऐकतील. तुझ्यामागे वाजवणारी पोरं असतील, त्यांची नावं आधी नीट विचारून, लिहून घेऊन, माइकवरून सांग, आडनावासकट.

पाडव्याला येणार असशील तर दोन दिवस जास्तीचे काढून ये. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात आणि गावोगावचे जत्रेवाले सुपारी द्यायला येतात. कोण कुठल्या गावाला, किती पैशांना, हे तिथेच ठरतं. आपण जाऊ. ऐंशीच्या घरात आलेल्या बाईला आता कोण अडवतंय? आणि तुझ्या त्या इअरफोनांचा एक जोड माझ्यासाठीही आण. मोबाइलवर 'अलबेला' लावला की शेजारच्या काकू खिडकीतून आवाज कमी करायला सांगतात.

तुझ्या आईला सांग, लोणच्याची बरणी परत पाठव म्हणावं.

तुझी,
आजी